सिपना भरल्यावर निरोप कसा जाईल

परतवाड्याहून धारणीकडे निघालेला रस्ता मेळघाटच्या घाटवळणांतून उतरत सेमाडोहला सिपना नदीच्या काठी येतो. उन्हाळ्यात या नदीत डोहांपुरते पाणी उरते. जुलैत तीच नदी एका रात्रीत फुगते, नाल्यांवरचे रपटे पाण्याखाली जातात, एखादे झाड तारांवर पडते आणि वीज जाते. वीज गेली की मोबाइलचा टॉवर बॅटरीवर काही तास तग धरतो आणि मग तोही बंद पडतो. आतल्या गावांत आणि ढाण्यांत, म्हणजे छोट्या वस्त्यांत, तर कोरड्या दिवसांतही रेंज धड मिळत नाही. फोन लावायला उंचावरची एखादी ठरलेली जागा गाठावी लागते. शहरात दहा-पंधरा वर्षांतून एकदा जे घडते आणि ज्याच्यावर मग चौकशी समित्या बसतात, ते चिखलदरा आणि धारणी तालुक्यांत दर पावसाळ्यात घडते. आपत्तीतल्या संदेशवहनाची ओळख करून देताना म्हणूनच मी मंत्रालयातल्या नियंत्रण कक्षापासून सुरुवात करत नाही. संपर्क तुटणे हा जिथे वर्षाच्या कामाचा भाग आहे, तिथून या विषयाकडे पाहिले तर त्यातले खरे प्रश्न लवकर दिसतात. पुढच्या प्रकरणांत यंत्रे, लहरी, परवाने यांची माहिती सविस्तर येईल. त्याआधीचा एक प्रश्न इथे मांडायचा आहे: संकटाच्या दिवशी नेमकी कोणती व्यवस्था चालते? माझे उत्तर असे आहे की जी व्यवस्था साध्या दिवशी रोज वापरली जाते आणि जिच्या दोन्ही टोकांना एकमेकांचा आवाज ओळखणारी माणसे असतात, तीच चालते. कपाटातून काढलेले यंत्र, कितीही महाग असले तरी, त्या दिवशी उपयोगी पडेलच याची खात्री देता येत नाही.

मोबाइल बंद पडतो म्हणजे काय होते, हे आधी नीट समजून घ्यायला हवे. आपल्या हातातला फोन फक्त जवळच्या टॉवरशी बोलतो. टॉवरला वीज लागते, आणि टॉवरपासून पुढे कंपनीच्या केंद्रापर्यंत जमिनीखालची फायबर किंवा एका टॉवरवरून दुसऱ्या टॉवरवर मारलेला मायक्रोवेव्हचा दुवा लागतो. फायबर बहुतेक ठिकाणी रस्त्याच्या कडेने जाते आणि पुलाच्या अंगाने नदी ओलांडते. पूल खचला किंवा रस्ता वाहून गेला की रस्त्याबरोबर फायबरही जाते. त्यामुळे पुष्कळदा टॉवर उभा असतो, जनरेटर सुरू असतो, फोनवर रेंजच्या दांड्याही दिसतात, पण फोन कुठेच लागत नाही. दुसरे कारण गर्दीचे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी मुंबईत टॉवरांची कमतरता नव्हती, पण उपनगरांतली वीज गेली आणि जो तो एकाच वेळी घरी फोन लावू लागला. एवढे दाट जाळे त्या संध्याकाळी लोकांच्या हाताला लागले नाही. २०१७ च्या सप्टेंबरात मारिया चक्रीवादळाने पोर्टो रिको बेटावरचे ९५ टक्के टॉवर बंद पाडले. अमेरिकेच्या अधिकारातल्या भागातही ही गत झाली. तिथे रेडक्रॉसच्या मदतीला हौशी रेडिओचालकांची तुकडी पाठवावी लागली. मोबाइलचे जाळे कुचकामी आहे असा याचा अर्थ नाही. त्याची प्रत्येक कडी दुसरीवर अवलंबून असते आणि संकट सगळ्या कड्यांवर एकदमच येते, एवढेच लक्षात ठेवायचे.

या विषयावर आपल्याकडे जो पैसा आणि विचार खर्च होतो तो बहुतेक वरून खाली जाणाऱ्या सूचनेवर होतो. २०२३ साली देशभर मोबाइलवर जोराची घंटा वाजून चाचणीचा इशारा आला, तो बऱ्याच वाचकांना आठवत असेल. टॉवरच्या टापूतल्या प्रत्येक फोनवर एकाच वेळी इशारा पोचवणारी ती पद्धत चांगली आहे, तिने जीव वाचतील. गावोगावी वापरात आलेली ग्रामसुरक्षा यंत्रणा एका टोल-फ्री क्रमांकावरून अख्ख्या गावाला आवाजी निरोप देते, तीही कामाची आहे. पण महाराष्ट्रातल्या अलीकडच्या दुर्घटना पाहिल्या तर खालून वर जाणारा निरोप अडल्याचे दिसते. ३० जुलै २०१४ ला सकाळी आंबेगाव तालुक्यातले माळीण डोंगराखाली गेले. १५१ माणसे गेली, आणि गाव नाहीसे झाल्याचे बाहेरच्या जगाला कळवले ते नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकाने. त्याची बस त्या दिवशी त्या वेळेला आली म्हणून ते कळले. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली तेव्हा महाड शहरच पाण्यात होते, आणि बचाव पथकांना तिथे पोचायला दुसरा दिवस उजाडला. आपल्या वऱ्हाडाला लागून, वर्धा नदीच्या काठी असलेल्या मोवाडला ३० जुलै १९९१ च्या महापुरात दोनशेहून अधिक माणसे गेली, तेव्हा मोबाइल नव्हताच. मधल्या तीस वर्षांत खिशाखिशांत फोन आला, तरी मार खाल्लेल्या गावाने स्वतः बोलायचे कसे, हा प्रश्न जिथल्या तिथेच आहे.

सेमाडोहपुरते या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिथेच हजर आहे, आणि त्याच्याकडे कुणी उत्तर म्हणून पाहत नाही. मेळघाट व्याघ्रप्रकल्प १९७३-७४ साली देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांत झाला. जंगलाच्या राखणीसाठी वनविभागाने इथे बिनतारी संदेशाचे जाळे उभे केले, त्याला सगळे ‘वायरलेस’च म्हणतात. परिक्षेत्राच्या कार्यालयात मोठा संच, संरक्षण कुट्यांवर सौर पॅनेलवर चार्ज होणाऱ्या बॅटऱ्या, गस्तीवरच्या वनरक्षकाच्या हातात वॉकीटॉकी. उन्हाळ्यात वणवा दिसला की त्याची खबर यावरूनच जाते, वाघाचे पगमार्क दिसले तरी यावरूनच. या लहरी सरळ रेषेत जातात, मध्ये डोंगर आला की अडतात, म्हणून उंचावर रिपीटर बसवतात. तो खालचा आवाज उचलून पलीकडच्या दरीत पोचवतो. जिथे रिपीटरही पोचत नाही तिथे टेकडीवरचा एक गडी मधे उभा राहून एकाचे बोलणे दुसऱ्याला सांगतो, आणि तीही पद्धत अंगवळणी पडलेली असते. या जाळ्याला कंपनीचे केंद्र लागत नाही, फायबर लागत नाही, अमरावतीची वीज लागत नाही. त्याची खरी ताकद मात्र वेगळीच आहे: ते रोज बोलते. कोणत्या कुटीवरचा संच दोन दिवस मुका आहे, कुणाची बॅटरी उतरली, कोणत्या नाल्यात आवाज तुटतो, हे त्यावर काम करणाऱ्यांना पाठ असते. सेमाडोहच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला, आतल्या गावच्या आशाताईला किंवा पोलीस पाटलाला अशा जाळ्यावर आज हक्काची जागा नाही. वनरक्षकाने माणुसकीने निरोप दिला तर तो जातो, आणि बहुतेक वेळा तो देतोही. पण जीव वाचवणारी गोष्ट कुणाच्या भलेपणावर सोडणे मला पटत नाही.

रोजच्या वापराचे महत्त्व मी उगाच वाढवून सांगत नाही. २००४ च्या डिसेंबरात भारती प्रसाद या हौशी रेडिओचालक महिला आपल्या सहकाऱ्यांसह अंदमानात होत्या. त्या बेटांवरून हौशी रेडिओ चालवायला फार वर्षांनी परवानगी मिळाली होती आणि जगभरचे रेडिओचालक त्यांचा आवाज पकडायला कान लावून बसले होते. २६ डिसेंबरला त्सुनामी आली, बेटांचा मुख्य भूमीशी संपर्क तुटला, आणि या मंडळींनी पोर्ट ब्लेअरहून निरोप पोचवायला सुरुवात केली. त्यांच्याकडे जादूचे यंत्र नव्हते. अँटेना आधीच उभी होती, आणि पलीकडे ऐकणारे आधीपासून होते. १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हाही हौशी रेडिओचालक धावून गेले आणि त्यांनी मोलाचे काम केले. पण त्यांना तिथे जावे लागले, उभारणी करावी लागली. आपत्तीत पहिले काही तासच सगळ्यात महाग असतात, आणि ते जाण्यात आणि उभारणीत जातात. म्हणून ‘गरज पडली की बोलावू’ या भरवशावर जिल्ह्याचा आराखडा लिहिता कामा नये. रोजच्या वापरातून शिस्तही येते. १४ जुलै २०१३ ला आपली तारसेवा बंद झाली. तोट्यात चालणारी सेवा बंद करण्यात चूक होती असे मी म्हणणार नाही. पण त्या सेवेबरोबर गावोगावची एक शिस्तही गेली, मोजक्या शब्दांत, वेळ टाकून, पोच घेऊन निरोप पाठवण्याची. ती शिस्त यंत्राबरोबर जायला नको होती.

मेळघाटच्या भूगोलाला साजेशी आणखी एक युक्ती इथे थोडी जवळून सांगण्यासारखी आहे. वॉकीटॉकीच्या लहरी डोंगराला अडतात. पण तीन ते आठ मेगाहर्ट्झच्या मोठ्या लहरी डोंगराला वळसा घालत बसत नाहीत, त्या सरळ डोक्यावर फेकता येतात. दोन सागांच्या मध्ये पाच-सहा मीटर उंचीवर सुमारे २० मीटर लांबीची साधी तांब्याची तार आडवी ताणायची, मधोमध तोडून तिथे केबल जोडायची, खाली मोटारीची १२ व्होल्टची बॅटरी आणि एक संच. तार मुद्दाम कमी उंचीवर ठेवली की लहर जवळजवळ उभी वर जाते, आकाशातल्या विद्युतभारित थरावर आपटते आणि तीन-चारशे किलोमीटरच्या घेरात पावसासारखी खाली येते. अमरावती, अकोला, नागपूर, तिकडे खंडवा, सगळे त्या घेरात. मधले चिखलदऱ्याचे अकराशे मीटरचे पठार मग आडवे येत नाही, रिपीटरही लागत नाही. दिवसा सात मेगाहर्ट्झ आणि रात्री साडेतीन, अशी वेळेप्रमाणे लहर बदलावी लागते, आणि हे ज्याने शंभर वेळा केले आहे त्यालाच ते अंधारात, भर पावसात जमते. हौशी रेडिओचा परवाना केंद्र सरकार साधी परीक्षा घेऊन देते. चिखलदऱ्याच्या किंवा परतवाड्याच्या महाविद्यालयातली दहा मुले-मुली ती परीक्षा देऊन दर रविवारी अकोल्याशी बोलू लागली, तर जिल्ह्याकडे जे आज नाही ते फार थोड्या खर्चात येईल. त्यांत कोरकू बोलणाऱ्या आदिवासी घरांतली मुले असावीत असा माझा आग्रह आहे, कारण निरोप देणाऱ्या बाईची भाषा ऐकणाऱ्याला कळली पाहिजे.

यंत्राइतकाच निरोपही घडवावा लागतो. ‘इकडे फार पाणी आहे, लवकर या’ हा निरोप खरा असला तरी त्यावर कुणाला काहीच करता येत नाही. कुठून, किती वाजता, काय झाले, किती माणसे, कोणता रस्ता बंद आणि कोणता चालू, नेमके काय हवे, आणि परत कधी बोलायचे, एवढे त्यात आले की पलीकडचा डॉक्टर किंवा तहसीलदार निर्णय घेऊ शकतो. समजा असा निरोप आला: ‘दुपारी तीन. नाल्याचा रपटा पाण्याखाली. एक गरोदर बाई, पहिलीच खेप, कळा सकाळपासून. खाटेवर टेकडीच्या वाटेने आणता येईल, पलीकडे गाडी हवी. चार वाजता पुन्हा बोलू.’ यात एक शब्द फुकट नाही. ऐकणाऱ्याने तो परत वाचून दाखवायचा, कागदावर उतरवायचा, वेळ टाकायची. अशी भाषा संकटात आपोआप सुचत नाही. ती आशाताईंच्या, पोलीस पाटलांच्या, शाळेच्या शिक्षकांच्या तोंडात आधी बसवावी लागते, आणि त्याला एका दुपारचे प्रशिक्षण पुरत नाही.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही: आता उपग्रह आला, गावोगाव टॉवर येत आहेत, मग या जुन्या वायरलेसचे कौतुक कशाला? टॉवर यावेत, आणि लवकर यावेत. २०२२ साली केंद्राने रेंज नसलेल्या २४,६८० गावांना ४ जी देण्याची योजना मंजूर केली. मेळघाटातल्या माणसाला फोन मिळणे हा त्याचा हक्क आहे आणि वायरलेस दाखवून तो कुणी टाळू नये. सेमाडोहच्या पुढे, त्याच रस्त्यावरचे हरिसाल २०१६ साली डिजिटल गाव म्हणून गाजले, तेव्हा लोकांच्या अपेक्षा खऱ्या होत्या आणि त्यांचा मान राखायला हवा. पण टॉवर आला तरी वर सांगितलेल्या कड्या तशाच राहतात. उपग्रहाची गोष्ट थोडी वेगळी आहे, तो रस्त्यावर आणि पुलावर अवलंबून नाही. मात्र इंटरनेट देणाऱ्या उपग्रहाच्या तबकडीला मोकळे आकाश लागते, दाट सागवनात ते मिळत नाही, आणि मुसळधार पाऊस त्याच लहरी शोषतो. उपग्रह फोनवर सुरक्षेच्या कारणाने आपल्याकडे कडक बंधने आहेत. परवान्याशिवाय तो बाळगणे गुन्हा आहे. जिल्हा प्रशासनाकडे एक-दोन असतीलही, पण ते अमरावतीत असतील आणि पूर आत हतरू गावाकडे आलेला असेल. उपग्रह हा वरचा थर म्हणून हवाच. खालचा थर गावाच्या हातातला असावा, एवढेच मी म्हणतो.

दुसरा आक्षेप वनविभागाचा असेल, आणि तो मला जास्त वजनाचा वाटतो. वायरलेस गावाला खुला केला तर गस्तीची माहिती शिकाऱ्याच्या कानावर जाईल. २०१३ च्या सुमारास मेळघाटात वाघांच्या शिकारीची प्रकरणे उघडकीस आली, बाहेरून आलेल्या सराईत टोळ्या त्यात सापडल्या. ही भीती कल्पनेतली नाही. पण गस्तीची वाहिनी आणि संकटाची वाहिनी एकच असायला हवी असे कुठे आहे? डिजिटल संचांवर गस्तीचे बोलणे कूटबद्ध ठेवता येते आणि एक वाहिनी फक्त जिवाच्या धोक्यासाठी उघडी ठेवता येते. तिच्यावर कुणी ऐकले तरी त्याला पूर आला आणि बाई अडली एवढेच कळेल. उलट गावाला राखणीच्या यंत्रणेत असा वाटा मिळाला तर जंगलात शिरलेला अनोळखी माणूस कळवायला गावच पुढे येईल. याच आक्षेपाची दुसरी बाजू मनुष्यबळाची आहे. वनरक्षकावर आधीच बीटाचा भार आहे, त्याच्या गळ्यात आरोग्य खात्याचे आणि महसूल खात्याचे निरोप कशाला? हे म्हणणे मला मान्य आहे. म्हणून हे काम त्याच्या सदिच्छेवर न टाकता नेमून द्यावे, त्याचे तास मोजावेत, आणि संचांचा, बॅटऱ्यांचा खर्च आपत्ती व्यवस्थापनाच्या निधीतून यावा. पोलीस पाटलाचे पद १९६७ च्या ग्रामपोलीस कायद्याने आहे, त्याला मानधन मिळते. त्याच्या कामात ही जबाबदारी लिहून घालायला नवा कायदा लागत नाही.

तिसरा प्रश्न कुणी मोठ्याने विचारत नाही, पण फाइलींच्या भाषेत तो असतो: इतक्या थोड्या माणसांसाठी एवढी उठाठेव परवडते का? त्याला उत्तर शासनानेच देऊन ठेवले आहे. पावसाळ्यात संपर्क तुटणाऱ्या गावांची यादी दर वर्षी तयार होते, त्या गावांत चार महिन्यांचे रेशनचे धान्य आधी पोचवले जाते, दिवस भरत आलेल्या बायकांना आरोग्य केंद्राजवळच्या माहेरघरात आणून ठेवण्याची योजना आहे. म्हणजे ही गावे तुटणार हे मान्य आहे आणि त्यासाठी आधीच तजवीज करण्याची पद्धतही आहे. त्याहून ठळक दाखला निवडणुकीचा. रेंज नसलेल्या मतदान केंद्रांसाठी मतदानाच्या दिवशी वायरलेस संच नेमले जातात, जिथे तेही पोचत नाहीत तिथे रनर म्हणजे निरोप घेऊन धावणारा माणूस ठेवला जातो, आणि दर दोन तासांची टक्केवारी जिल्ह्याला पोचते. त्या एका दिवसासाठी हे जाळे उभे राहते, चालते, आणि दुसऱ्या दिवशी आवरले जाते. ज्यांनी ते चालवले त्यांना कुठे आवाज जातो आणि कुठे जात नाही हे कळलेले असते. ती माहिती नकाशावर उतरवून ठेवली, तर पावसाळ्याच्या तयारीचे निम्मे काम झालेले असेल.

रस्त्यावरच्या अपघातालाही हेच लागू आहे. २०२४ साली सेमाडोह परिसरातल्या वळणांवर प्रवासी बसचे दोन मोठे अपघात झाले, एक मार्चमध्ये आणि एक सप्टेंबरात, आणि दोन्हींत माणसे गेली. अशा वेळी जखमींना दवाखान्यात पोचवण्याची घाई घड्याळाशी असते, आणि १०८ ला फोन लागला तरच रुग्णवाहिका निघते. या रस्त्यावरच्या वळणांवर, वनविभागाच्या नाक्यांवर आणि एसटीच्या गाड्यांत त्याच उघड्या वाहिनीचे संच असले तर आपत्तीची व्यवस्था बाराही महिने कामात राहील. मी सुरुवातीला रोजच्या वापराचे जे म्हटले ते इथे प्रत्यक्षात येते: पुराची वाट पाहत बसणारे यंत्र गंजते, अपघाताची, सर्पदंशाची, वणव्याची खबर रोज नेणारे यंत्र पुराच्या रात्रीही चालू असते.

तेव्हा मागणी छोटी आहे आणि तारखेला बांधलेली आहे. जिल्ह्याची मान्सूनपूर्व बैठक दर वर्षी मे महिन्यात होते आणि तुटणाऱ्या गावांची यादी तिथे टेबलावर येते. त्या यादीत धान्य, औषधे, बोटी यांच्या शेजारी आणखी एक रकाना वाढवावा: या गावाचा निरोप कोण, कोणत्या संचावरून, कोणत्या वाहिनीवर देणार आणि सेमाडोहला किंवा धारणीला तो कोण घेणार. त्या दोघांची नावे लिहावीत, त्यांच्या पर्यायी माणसांची लिहावीत, आणि ७ जूनच्या आत दोघांनी एकमेकांशी बोलून ‘आवाज साफ’ अशी नोंद त्या रकान्यात करावी. ज्या गावापुढे ती नोंद होणार नाही, तिथे लगेच माणूस पाठवून बघावे की अडचण बॅटरीची आहे, डोंगराची आहे, की ज्याचे नाव लिहिले तो माणूसच गाव सोडून कामाला गेला आहे.